आतून कोणी बोलवत नाही

४ ऑक्टोबर २००७

अंगणवाडीच्या कामाची डायरी वेगळी आहे, ती मुख्यसेविका बाई दर महिन्याला तपासतात. ही वही माझी. लेक समीक्षा नर्सिंग शिकायला कल्याणला गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. यांच्याशी बोलायचं म्हटलं तर तोंडात कायम तंबाखूचा बार भरलेला. "हूं" आला की होय आणि "उंहूं" आला की नाही, एवढाच आमचा संसार.

आज सकाळी तांदूळ धुऊन पातेलं मोरीच्या काठावर ठेवलं आणि मागे वळले. तेवढ्यात हे आले आणि उभ्याउभ्याच मोरीत पिचकारी टाकली. चार थेंब पातेल्यात. सगळे तांदूळ कोंबड्यांना टाकले. हे म्हणाले, "पुन्हा धुतलं असतंस तर काय झालं असतं?"

बावीस वर्षं बघते आहे. खिशाला चुना, उशीला पिवळे डाग, दाराच्या चौकटीला गुडघ्याएवढा तपकिरी पट्टा. घासून घासून माझे हात झिजले, पट्टा तिथेच आहे. झोपेत तोंड उघडं पडतं तेव्हा जो वास येतो त्याला कशाची उपमा द्यावी कळत नाही. मी भिंतीकडे तोंड करून झोपते.

दात घासून अंगणवाडीत गेले. एकवीस मुलं, खिचडी. दुपारी घरी येऊन दात घासले, जेवले. परत दात घासून नोंदी लिहायला बसले.

९ ऑक्टोबर

माता बैठक. विषय वरूनच ठरून आला होता, तंबाखूचे दुष्परिणाम. सोबत एक चित्र आलं आहे, सडलेल्या तोंडाचं. बायका पदर नाकाला लावून बघत होत्या, जणू चित्रालाच वास आहे.

मी सांगितलं, तंबाखू, गुटखा, मशेरी सगळं एकच. मशेरी म्हणजे तंबाखूच जाळून कुटलेली, दातांना लावली म्हणून तिचं औषध होत नाही.

भागी म्हणाली, "बाई, आमचं पोट साफ व्हतं तिच्यानं."

सगळ्या हसल्या. मला राग आला. भागीच्या धाकटीचं वजन भरत नाही आणि ही बया दिवसभर बोट तोंडात घालून बसलेली. सगळ्यांसमोर बोलले तिला. माझी मदतनीस जना खाली मान घालून सतरंजी गुंडाळत होती. जना कधीकधी माझ्याकडे बघते ते मला आवडत नाही.

बैठक संपल्यावर मागे जाऊन दात घासले. बाहेर आले तर हे मला न्यायला आलेले, बरोबर त्या चित्राखाली उभे. गाल फुगलेला.

६ नोव्हेंबर, कल्याण

हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहिते आहे. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

गेल्या बुधवारी आमची भाताची झोडणी चालू होती. भारा उतरवून हे माझ्याशी काहीतरी बोलले. शब्द जाड, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. मला वाटलं बार भरलाय. मी म्हटलं, "आधी थुंका, मग बोला." ते पुन्हा तसंच बोलले. मी पाठ फिरवली. पुढचे दोन भारे मी रागाने एकटीने झोडले. मग वळले तर हे पेंढ्यावर बसलेले, उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. तोंड डावीकडे ओढलेलं.

मी तोंडात बोट घालून बघितलं. तोंड रिकामं होतं.

चुलत दीर हरेश जीप घेऊन आला, मुरबाडला नेलं, तिथून त्यांनी इकडे पाठवलं. आल्याआल्या डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता सुरू झालं. मी हरेशकडे बघितलं. दोन भारे झोडायला किती वेळ लागतो ते मला नीट माहीत आहे. मी त्यांना कमी सांगितलं.

१० नोव्हेंबर, कल्याण

दिवाळी वॉर्डातच झाली. समीक्षाने फराळाचं काहीतरी आणलं, तसंच पडून आहे. हे आता बोलतात, हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. उजव्या हाताची बोटं हलायला लागली.

हरेशने आज डॉक्टरांची नजर चुकवून डबी आणली. दहा दिवस झाले, वेडा होईल तो, असं म्हणाला. माझ्यासमोरच दिली. मी अडवलं नाही, कारण मलाही वाटलं, मागतीलच. यांनी डबी उघडली, आत बघितलं, झाकण लावलं आणि परत केली.

"नको."

"अरे घे, कोन बघत नाय," हरेश म्हणाला.

"नको रे. भूक नाय."

भूक नाही. तंबाखूची कसली भूक? हरेश माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही केलं आहे.

बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन दात घासले. बाहेर समीक्षा उभी होती. माझ्या तोंडाजवळ येऊन थांबली आणि मग निघून गेली.

२४ नोव्हेंबर

घरी येऊन आठवडा झाला. एकदाही मागितली नाही. गावातली माणसं बघायला येतात आणि हाताबद्दल विचारायच्या आधी तंबाखूबद्दल विचारतात. कोणी म्हणतं देवाने सोडवली, कोणी म्हणतं बायकोने काही घातलं खाण्यात.

आज हरेशने विचारलं, "कुंडलिकदादा, आठवन तरी येते का?"

हे विचार करून म्हणाले, "आठवतं ना. चुना किती, पान किती, सगळं हात जानतो. पण आतून कोन बोलवत नाय."

मी चुलीपाशी होते. माझ्या अंगावर काटा आला, आणि मग राग आला. समीक्षा तापाने फणफणली होती तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या म्हटलं होतं. घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोडली. यांची सुटावी म्हणून मी दोन वर्षं उपास केले. माझ्यासाठी नाही, पोरीसाठी नाही. आणि आता सुटली तर अशी, वाळलेलं पान गळावं तशी. मी आनंद कशाचा मानू?

चौकटीवरचा पट्टा घासून काढला. दात घासले. भाकऱ्या केल्या.

५ डिसेंबर

हे कोणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

गेल्या आठवड्यात डाळ आंबली होती, वर फेस आलेला, तार सुटलेली. मी टाकायला ठेवली होती. अंगणवाडीतून आले तर यांनी ती भातावर घेऊन खाल्लेली. म्हटलं चुकून झालं असेल. परवा चहात माशी पडली, ती बोटाने काढून चहा प्यायले. हे चहात दुधाची साय आली तरी गाळणीतून गाळून घेणारे!

आणि आज. भाताच्या कणगीमागे उंदीर मरून पडला होता, दोन दिवसांचा, फुगलेला. मी नाक दाबून झाडू शोधत होते. यांनी डाव्या हाताने शेपटीला धरून उचलला. शेपटी सुटली तर पोटाखाली हात घातला आणि नेऊन टाकला. आले आणि पाटावर बसले आणि त्याच हाताने भाकरी मोडली. मी ओरडले तेव्हा शांतपणे उठून हात धुतले. म्हणाले, "घान व्हता ते कळलं. पन काय वाटलं नाय."

मी मागच्या दारी जाऊन ओकले.

तंबाखू गेली, थुंकणं गेलं, तोंडाचा वास गेला. देवा, बावीस वर्षं जे मागितलं ते मिळालं. आणि मला यांच्या शेजारी बसवत नाही.

१२ डिसेंबर

कल्याणला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला गेलो. मी उंदराचं सांगितलं. वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत, यांच्या डोक्याचा फोटो पुन्हा दिव्यावर लावून बघितला आणि कागदावर अक्रोडासारखं चित्र काढलं.

मला समजलं तसं लिहिते. मेंदूच्या खोल मध्यभागी सवय शिकणारा भाग आहे. तंबाखू घेतली, बरं वाटलं, की तो टिपून ठेवतो. कोणती वेळ, कोणती जागा, कशाचा वास. पुढच्या वेळी ती वेळ आली की तोच हाताला डबीकडे नेतो, आपण ठरवायच्या आधी. दुसरा भाग कानाच्या वर, आत घडी घालून लपलेला. अंगात आत काय चाललं आहे ते तो कळवतो. तलफ उठते ती तिथे जाणवते. यांची डावीकडची ती घडी रक्त न मिळाल्याने मेली. अशी माणसं असतात, सगळ्यांचं असं होत नाही, पण असतात, म्हणाल्या.

"आणि किळस?" मी विचारलं.

"तीही बरीचशी तिथेच जाणवते. म्हणून तर उंदीर."

"म्हणजे यांनी सोडली नाही."

"नाही. सुटली. त्यांनी काहीच केलं नाही."

हे बाजूला बसून ऐकत होते, शाळेत दुसऱ्या मुलाची चौकशी चालावी तसे.

मग मी विचारलं, "आमच्या अंगणवाडीत एक बाई आहे. मशेरी लावते. तिला झटका वगैरे काही आलेला नाही. तिने काय करायचं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कपाळामागे एक भाग आहे, तो थांब म्हणतो. शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर रोज नवं शिकावं लागतं, आणि ते नवं कच्चं असतं. ती बाई दमली, रडली, जुन्या जागी बसली की खालचं जुनं वर येणार. म्हणून जागा बदलायची, वेळ बदलायची, आणि चुकली तर दुसऱ्या दिवशी परत सुरू करायचं. दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

दारापर्यंत आलो तेव्हा म्हणाल्या, "त्या बाईला सांगा, तोंड आतून तपासून घे. लवकर."

मी पदराने तोंड पुसलं. बसमध्ये हे खिडकीशी बसून झोपले.

१८ जानेवारी २००८

धसईला तोंडाच्या तपासणीचं शिबिर. जना आणि मी मिळून एकतीस बायका नेल्या. कोणी तोंड उघडायला तयार नाही. तिथली डॉक्टर तरुण मुलगी, म्हणाली, "बाईंपासून सुरू करूया, म्हणजे सगळ्यांची भीती जाईल."

नाही कसं म्हणणार? स्टुलावर बसले. बॅटरी तोंडात. ती बराच वेळ गालाच्या आत बघत राहिली. मग मला वाटतं हळूच विचारायचा तिचा बेत होता, पण खोली लहान होती.

"बाई, मशेरी किती वर्षं लावता?"

मागे एकतीस बायका. मी वाट बघत होते, आता हसतील. कोणी हसलं नाही. भागीने येऊन माझा खांद्यावरून घसरलेला पदर सावरला, तेवढंच.

डाव्या गालात पांढरा चट्टा आहे, मध्ये लाल. तुकडा काढून तपासायला पाठवला.

आता इथे खोटं लिहून काय उपयोग. दात घासले, दात घासले असं मी या वहीत लिहिते. ती मशेरी. दिवसातून सहा वेळा, कधी आठ. माहेरी डोळखांबकडे नऊ वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आईने बोटावर घेऊन लावली. चक्कर आली, सगळं फिरलं, आणि आईने मला मांडीवर घेतलं. सहा भावंडांत मांडी मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती, तरी मी दुखते म्हणाले.

यांच्या थुंकीवर मी बावीस वर्षं ओरडले. माझी डबी पदराच्या गाठीत होती.

२५ जानेवारी

तपासणीचा कागद आला. कॅन्सरच आहे, पण सुरुवातीचा. गालाचा तेवढा भाग कापून काढायचा. फेब्रुवारीच्या शेवटी तारीख. तोवर आणि त्यानंतर मशेरी बंद, नाहीतर पुन्हा येईल असं स्पष्ट सांगितलं.

समीक्षा आली होती. मला वाटलं रडेल. म्हणाली, "आई, तुझ्या पदराला काय बांधलेलं असतं ते मला तिसरीत असल्यापासून माहीत आहे. तू बाबांना बोलायचीस तेव्हा मला तुझी जास्त किळस यायची."

असं म्हणाली आणि मग माझ्या साडीची गाठ सोडून डबी माझ्याच हातात दिली. "तूच टाक."

मी उकिरड्यावर टाकली. ती बघत होती.

२८ जानेवारी

तीन दिवस. डोकं असं दुखतं की मुलांचा आवाज सोसत नाही. एका पोराला चापट मारली, आजवर कधी मारली नव्हती. सकाळी चूल पेटवायला बसले की बोट आपोआप तोंडाकडे जातं. चुलीपाशी तीस वर्षं तेच केलं ना.

आज दुपारी भागीच्या घरून तवा तापल्याचा वास आला. तंबाखू करपवत होती. त्यानंतरचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

मी उकिरड्यावर गेले. गुडघ्यावर बसले. शेण, राख, केरकचरा, कोंबडीची आतडी, रविवारी कापलेली, त्यात अळ्या. दोन्ही हात घालून उकरत होते. मी, जिने चार थेंबांसाठी तांदूळ फेकले. मला वास येत होता. तरी हात थांबत नव्हते.

मागून हे आले. "काय शोधतंस गो?"

मी सांगितलं. काय लपवणार होते?

ते माझ्या शेजारी बसले आणि डावा हात कोपरापर्यंत आत घातला. मला वाटलं रागावून काही करतील. ते खरंच शोधत होते. सापडली. धोतराला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"देऊ?"

असं विचारलं जसं पाणी देऊ का. त्यांच्या डोळ्यांत ना राग ना कीव. मला वाटलं, यांनी नको म्हणावं. एकदा म्हणावं. मी त्यांच्यावर एवढी वर्षं ओरडले, त्यांनी एकदा ओरडावं.

मी घेतली. तिथेच, त्या हातांनी, लावली.

डोकं शांत झालं. मग मी एवढी ओकले की आतड्यांना पीळ पडला. हे पाठीवर हात ठेवून उभे होते. "व्हतं असं," म्हणाले. "मला ठावं हाय. मी समीक्षाची शपथ मोडली त्या दिवशी गोठ्यात बसून रडलो व्हतो. तुला सांगितलं नाय."

बावीस वर्षांत हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

२९ जानेवारी

पुन्हा पहिला दिवस. डबी यांनी विहिरीपलीकडच्या खड्ड्यात पुरली, जागा मला सांगितली नाही. आता चूल हे पेटवतात. मीच सांगितलं, मला सकाळी तिथे बसवू नका. डाव्या हाताने पेटवतात, घरभर धूर होतो. मी त्या वेळेला लांबच्या बोअरिंगवर पाण्याला जाते. भाकरी म्हणजे चामडं असतं. दूध नासलेलं त्यांना कळत नाही, म्हणून हुंगायचं काम माझं.

१९ फेब्रुवारी

एकवीस दिवस. एकदा जनाकडे मागितली होती, तिने नाही म्हटलं आणि रडली. आज माता बैठकीत मी चित्र लावलं नाही. स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. भागीने विचारलं, "बाई, लय तरास व्हतो का सोडायला?" मी उकिरड्याचं सगळं सांगितलं. अळ्यांसकट. दोघींनी नंतर येऊन विचारलं की पहिल्या दिवशी काय करायचं.

१४ मार्च

ऑपरेशन होऊन सतरा दिवस झाले. काढायचं ते सगळं निघालं म्हणाले. गालात खड्डा आहे, तो आतून भरतो आहे आणि भरताना सडतो. वास मला स्वतःला सहन होत नाही. नळीने पेज. दिवसातून चार वेळा औषधाच्या पाण्याने धुवून बोळा बदलायचा.

बायका भेटायला येतात आणि उंबऱ्याशी बसतात. हरेश आला, दोन मिनिटांत जीप चालू ठेवून आलोय म्हणाला. जीपचा आवाज येत नव्हता. मला त्यांचा राग येत नाही. मी असते तर मीही उंबऱ्याशीच बसले असते.

समीक्षा करते सगळं, शिकलेली आहे. पण बोळा काढताना श्वास रोखते आणि संपलं की तोंड वळवून मोठा श्वास घेते. मला ऐकू येतो.

१६ मार्च

आज समीक्षाची सुट्टी संपली. तिने जाण्याआधी यांना दाखवून दिलं, हात कसे धुवायचे, चिमटा कसा धरायचा, किती आत. यांचा उजवा हात अजून थरथरतो. मला अजून बोलता येत नाही, म्हणून ती गेल्यावर पाटीवर लिहिलं, राहू द्या, मी आरशात बघून करते. मला जमलं नाही. पाणी घशात गेलं, बोळा निम्मा तुटून आत राहिला.

हे हात धुऊन समोर पाटावर बसले. कोपरापर्यंत धुतले होते, समीक्षाने सांगितलं तसे. बॅटरी दातांत धरली, मग काढली, कारण तशी धरून बोलता येईना.

"उघड."

मी तोंड मिटून बसले होते. खुणेने पाटी मागितली आणि लिहिलं, वास येतो ना?

"येतो. लय येतो."

मी लिहिलं, मग तुम्ही बसता ते मेंदूतल्या त्या मेलेल्या घडीमुळे, का माझ्यासाठी?

त्यांनी पाटी जवळ नेऊन सावकाश वाचली. मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. मला वाटलं प्रश्न कळला नाही.

"ते मला कसं कळनार?" ते म्हणाले. "डॉक्टरनीला इचार. मला एवढंच ठावं, उठून जावंसं वाटत नाय. उघड आता, पानी निवतंय."

डॉक्टरीणबाईंना विचारायचं नाही असं मी ठरवलं. पाटी पुसून बाजूला ठेवली आणि तोंड उघडलं.